तोंडी भूमिती

६ जानेवारी, सोमवार

आजपासून बाईंशी अबोला. तो मी धरलाय, हे इथे लिहून ठेवते, नाहीतर उद्या त्या म्हणतील की त्यांनीच धरला.

झालं असं, की शाळा सुटल्यावर मी आणि माझ्याबरोबर प्रयोगशाळेत काम करणाऱ्या दोघी फाटकाबाहेर फळवाल्याच्या गाडीपाशी उभ्या होतो. समोरून सासूबाई आल्या. मी हसले, हात वर केला. बाई माझ्याकडे बघत बघत आल्या आणि बघत बघतच निघून गेल्या. ओळख नाही, पाळख नाही. जसा काही मी त्या गाडीवरचा पेरू. त्या दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि मग भयंकर समजूतदारपणे मला एक केळं दिलं.

घरी येऊन विचारायचंसुद्धा नाही असं ठरवलं. विचारलं तर म्हणतील, मी कशाला पेरूशी बोलू.

सासूबाईंना मी बाई म्हणते, कारण त्या शाळेत माझ्या भूमितीच्या बाई होत्या. दहावीला मी गणितात नापास झाले ते त्यांच्याच हाताखाली. पुढे त्यांच्याच मुलाशी लग्न केलं. लोकांना वाटतं मी सूड उगवला. तसं काही नव्हतं, मुलगा बरा होता. पण लग्नाला एवढी वर्षं झाली तरी तोंडातून ‘आई’ निघत नाही, ‘बाई’च निघतं. आता तेही निघणार नाही.

९ जानेवारी, गुरुवार

मुख्याध्यापिकांनी बोलावलं. मला वाटलं परवा फुटलेल्या काचेच्या नळ्यांबद्दल असेल, म्हणून जाताना सबब तयार करून गेले. ती वाया गेली. प्रयोगशाळा सहायकाची जागा कायम होणार आहे. माझं काम चांगलं आहे, मुलं माझ्या धाकात असतात, सगळं खरं, पण कायम करायचं तर दहावी पास पाहिजे, गणितासकट. मार्चमध्ये परीक्षा, मे महिन्यात निकाल, जूनला नेमणूक. माझं फक्त गणितच राहिलेलं आहे. तेवढं काढलं की जागा माझी, नाही काढलं तर दुसरं कुणी बघणार.

किती वर्षं झाली मी या शाळेत तात्पुरती आहे. दर जूनला नवीन पत्र, दर मेमध्ये ते येईल की नाही याचा घोर. एकदा तरी सुट्टी लागताना शांत झोप लागावी असं फार वाटतं.

बाहेर पडताना मुख्याध्यापिका हसून म्हणाल्या, तुम्हाला काय काळजी, तुमच्या घरात साक्षात भूमिती राहते. मी पण हसले. दात दाखवायला काय जातंय.

११ जानेवारी, शनिवार

गाईड आणलं. बीजगणित जमेल असं वाटतंय, अक्षरं इकडून तिकडे नेताना चिन्ह बदलायचं, एवढंच आहे. भूमितीत त्रिकोणापर्यंत बरं चाललं होतं. वर्तुळ आलं आणि माझं डोकं जे गरगरायला लागलं ते थांबेना.

स्पर्शिका म्हणजे अशी रेषा, जी वर्तुळाला एकाच बिंदूत शिवते आणि तशीच पुढे निघून जाते. आत म्हणून शिरत नाही. आमच्या घरात असं वागणारा एक माणूस आहे, माझा नवरा. आईची आणि माझी वाजली की एकदा दारातून डोकं आत घालणार, “काय झालं?” म्हणणार आणि सरळ पुढे. वीजदुरुस्तीचं काम असल्यामुळे त्याला कुठे ना कुठे दिवे लावायला जायचंच असतं.

तोच आज म्हणाला, आईकडे शीक की. मी म्हटलं, त्यापेक्षा जन्मभर नळ्या विसळीन.

१४ जानेवारी, मंगळवार

शिकायला बसले. नळ्या विसळताना विचार बदलला.

अबोला मोडायचा नव्हता, म्हणून नवऱ्याला मधे बसवला. बाई खिडकीकडे पाठ करून खुर्चीत, मी टेबलाशी, हा मधे. बाई त्याला म्हणणार, तिला सांग वही काढायला. मी त्याला म्हणणार, त्यांना सांग काढली. असं त्रिज्येपर्यंत चाललं. मग हा म्हणाला, शेजारचा मीटर बघून येतो. गेला तो जेवायलाच उगवला.

शेवटी बाईंनी कपाटाकडे तोंड केलं आणि कपाटाला सांगितलं की, स्पर्शबिंदूपर्यंत काढलेली त्रिज्या स्पर्शिकेला नेहमी लंब असते, आणि हे ज्याला रात्री झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं त्यालाच पुढचं येतं. मीही कपाटालाच विचारलं की नेहमी म्हणजे नेहमीच का. कपाट म्हणालं, नेहमीच. एकूण कपाटाला भूमिती बरी समजते.

१९ जानेवारी, रविवार

बाईंच्या शिष्टपणाची हद्द झाली. माझ्या वहीकडे बघतसुद्धा नाहीत. मी आकृती काढते, पुढे सरकवते, आणि त्या खिडकीतून येणाऱ्या उजेडाकडे तोंड करून म्हणतात, “आकृती वाच.”

आकृती काय वाचायची असते? पण वाचायला लावतात. केंद्र ओ. बाहेर बिंदू पी. पीपासून वर्तुळाला दोन स्पर्शिका, एक ए मध्ये शिवते, एक बी मध्ये. ओए आणि ओबी जोडल्या. एवढं वाचेपर्यंत मधे दहा वेळा टोकतात. बिंदू कुठे आहे? बाहेर म्हणजे कोणत्या बाजूला? जोडलं ते कशाला? एक शब्द कमी पडला तर पुन्हा पहिल्यापासून.

शिवाय कंपास दाबून रोवायचा असा नियम. केंद्राच्या जागी कागदाला चांगलं भोक पडलं पाहिजे, मागच्या पानावर निघालं पाहिजे. माझी अर्धी वही चाळणी झाली. मग बाई पानावरून बोट फिरवत ते भोक शोधतात, त्यावर बोट ठेवून बसतात आणि म्हणतात, “हं, आता सांग.” जणू पान उडून जाणार आहे. जुन्या मास्तरणींना छळायच्या काय काय तऱ्हा येत असतील.

२८ जानेवारी, मंगळवार

आज दुपारी लख्ख ऊन असताना बाईंनी दिवा लावायला लावला. तेही कपाटाला सांगून. वर स्वेटर उलटा घालून बसल्या होत्या, शिवणी बाहेर, लेबल मानेखाली. एवढा कडक स्वभाव आणि हा अवतार. मी अबोल्यात असल्यामुळे सांगितलं नाही, आणि मनातल्या मनात मजा घेतली.

चहा दिला तर कप घेताना आधी टेबल चाचपडतात, मग बशी, मग कप. मी दिलेला कप सरळ हातातून घेतला तर भाव कमी होतो बहुतेक.

पण खरी बातमी वेगळीच. केंद्रापासून बाहेरचा बिंदू तेरा सेंटिमीटरवर, त्रिज्या पाच, तर स्पर्शिकाखंड किती? माझ्या डोक्यात एकदम काटकोन उभा राहिला. त्रिज्या लंब असणारच, झोपेतसुद्धा. म्हणजे काटकोन त्रिकोण, म्हणजे बारा. मी “बारा” म्हटलं. बाई कपाटाला विसरल्या आणि थेट माझ्याकडे वळून म्हणाल्या, “शाब्बास गं.”

शाळेत अख्ख्या वर्षात हा शब्द माझ्या वाट्याला आला नव्हता. मी “हं” म्हटलं. नंतर नवऱ्याला विचारलं, ‘हं’ने अबोला मोडतो का. तो म्हणाला, हं म्हणजे बोलणं नाही. तेवढ्यापुरता घरात थांबला होता, मग गेला.

९ फेब्रुवारी, रविवार

अबोला कधी संपला ते कळलंच नाही. कपाटाला आता कुणी विचारत नाही.

सकाळी मी भांडी आवरत होते तर बाई मागे येऊन उभ्या. आज रविवार, आज भूमिती लवकर बसेल ना, असं विचारलं. मी म्हटलं, दुपारचीच वेळ बरी. तर चक्क हिरमुसल्या. पूर्वी दिवसभर पेपर वाचायच्या, आता हातही लावत नाहीत. म्हणतात हल्ली छपाईत दम नाही.

मी एक शोध लावलाय. आकृती काढायची गरजच नसते. ही बाई बघणार नाहीच, तर मी कशाला कंपास झिजवू? डोळे मिटायचे, वर्तुळ समोर येतं, बिंदू येतो, दोन्ही बाजूंनी स्पर्शिका येतात, आणि दोन्ही सारख्याच लांबीच्या असतात हे दिसायलाच लागतं. बाईंना बोट ठेवायला पेन्सिलीच्या टोकाने नुसतं एक भोक पाडून देते आणि घडाघडा म्हणून दाखवते. बाई खूश, मी खूश, कंपास पेटीत. प्रयोगशाळेत बेसिनच्या कडेवर नळी टेकवली तरी मला स्पर्शबिंदू दिसतो. परवा बसमध्ये डोळे मिटून एक प्रमेय पुटपुटत होते तर शेजारची बाई उठून दुसरीकडे बसली.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज माझी चांगलीच फजिती झाली असती.

बाईंनी अवघड उदाहरण घातलं होतं. चौकोनाच्या आत वर्तुळ, चारही बाजू त्याला शिवणाऱ्या, आणि समोरासमोरच्या बाजूंची बेरीज सारखी येते हे सिद्ध करायचं. तोंडाने मी व्यवस्थित सांगत होते, या कोपऱ्यातून निघालेले दोन खंड सारखे, त्या कोपऱ्यातून निघालेले सारखे. पण हाताला उद्योग नव्हता. म्हणून समोरच्या पानावर बाईंचं चित्र काढलं. डोकं म्हणजे मोठ्ठं वर्तुळ, त्यात बारकी वर्तुळं म्हणजे चष्मा, नाकाच्या जागी कंपास, हनुवटीवर तीन केस. साम्य इतकं आलं की सांगता सांगता मला हसू आवरेना.

सांगून झालं आणि बाईंनी एकदम हात पुढे केला. “आण, बघू.”

इतक्या दिवसांत पहिल्यांदा बघायला मागितलं आणि ते हे. पान फाडायलाही वेळ नव्हता. बाईंनी वही घेतली, समोर धरली, मान तिरकी केली, चित्रावरून अंगठा फिरवला. मी देवाचं नाव घेतलं.

“नीट आलीये,” बाई म्हणाल्या. “जरा मोठी काढत जा. आणि बाजूंना नावं दे.”

आणि वही परत दिली. मी गारच पडले. एवढा खिलाडूपणा या बाईत असेल असं जन्मात वाटलं नव्हतं. स्वतःचं असलं चित्र बघून चेहराही न बदलता ‘बाजूंना नावं दे’ म्हणायचं म्हणजे चेष्टा नाही. उगाच इतकी वर्षं घाबरले त्यांना.

१७ फेब्रुवारी, सोमवार

नवऱ्याला चित्र दाखवलं, कालची गंमत सांगितली. आधी तो खो खो हसला. मग हसता हसता थांबला आणि पुन्हा चित्राकडे बघत राहिला.

“आईने हे हातात घेऊन बघितलं? आणि नीट आलीये म्हणाली?”

मी म्हटलं, हो.

“अगं, तिला दिसत नाहीये.”

पेपर, दिवा, स्वेटर, कप. कागदाला पाडायची भोकं. आकृती वाच. सगळं माझ्या नाकासमोर होतं आणि मी शिष्टपणा शिष्टपणा म्हणत बसले होते. आंधळं कोण होतं या घरात ते लिहायलाही लाज वाटते.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

दुपारी अभ्यासाला बसल्यावर मी काहीच न बोलता हात वर धरला आणि विचारलं, बाई, किती बोटं आहेत?

त्या म्हणाल्या, “भूमितीच्या तासाला अंकगणित नको.”

मी हात खाली घेतला नाही. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग सांगायला लागल्या. गेल्या वर्षभरात धुकं वाढत गेलंय. उजेड कळतो, माणूस उभा आहे हे कळतं, कोण ते आवाजावरून. मी जवळ जाऊन बघितलं तर बुबुळात पांढरं साकळलेलं दिसलं. मोतीबिंदूच असणार. साधं ऑपरेशन, लोक दुसऱ्या दिवशी घरी येतात. बाईंना ते सगळं माहीत होतं. “डोळ्यात सुई घालणार माझ्या,” म्हणाल्या, आणि ज्यांच्यापुढे सगळी शाळा चळचळा कापायची त्या बाईंनी दोन्ही डोळे हातांनी झाकून घेतले.

मग मी त्या फळवाल्याच्या गाडीचं काढलं. आत साठलं होतं, निघालं. बाई म्हणाल्या, हाक मारली होतीस का? मी आठवलं. हसले होते, हात केला होता. हाक नव्हती मारली.

मी म्हटलं, उद्याच्या उद्या डॉक्टरांकडे जाऊ. बाई म्हणाल्या, मुळीच नाही. समजावलं, रागावले, नवऱ्यालाही पुढे केलं. तोही चक्क आत येऊन बसला आणि उठला नाही. शेवटी बाईंनी अट घातली. तू पास हो, मग ने मला कुठे न्यायचं तिथे. नापास झालीस तर पुन्हा नाव काढायचं नाही.

म्हणजे आता माझ्या नोकरीबरोबर बाईंचे डोळेही त्या एका विषयावर आले. मला भीती वाटते, आणि थोडा रागही येतो. एवढं ओझं नापास मुलीवर टाकतात का?

७ मार्च, शुक्रवार

बीजगणित परवाच झालं, आज भूमितीचा पेपर झाला. झकास गेला.

आजूबाजूला सगळी पोरं, मधे मी. पर्यवेक्षक दोनदा येऊन उभे राहिले, कारण मी डोळे मिटून पुटपुटत होते. त्यांना वाटलं मी देवाला बोलावतेय किंवा पलीकडच्याला उत्तरं सांगतेय. पण काय सुंदर पेपर होता. दोन्ही प्रमेयं स्पर्शिकेची. चौकोनातलं वर्तुळसुद्धा आलं. एकेक ओळ कारणासकट लिहिली. बाकीची पोरं पट्ट्या आणि कंपास घेऊन कागद खरवडत बसली होती, त्यात त्यांचा किती वेळ गेला. मी आधीच मनात सगळं बघत होते, मला ते करायची वेळच आली नाही. पेटी उघडलीसुद्धा नाही.

घरी आल्यावर बाईंनी एकेक प्रश्न विचारला. मी जशीच्या तशी उत्तरं म्हणून दाखवली. त्या मान हलवत राहिल्या, आणि शेवटी म्हणाल्या, मी शिकवलेल्यांत इतकं स्वच्छ कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. नेत्रतज्ज्ञांचा नंबर मी फोनमध्ये घालून ठेवलाय.

१३ मे, मंगळवार

नापास. चार गुणांनी.

मुख्याध्यापिका चांगल्या वागल्या, त्यामुळे जास्तच वाईट वाटलं. जागेवर जूनपासून दुसरी मुलगी येतेय. कोणती नळी कुठे ठेवायची ते मी तिला दाखवायचं आहे. दाखवीन. त्या मुलीचा काय दोष?

घरी येऊन सांगितलं. नवऱ्याने पाठीवर हात ठेवला आणि आज कुठेही गेला नाही. मी खूप रडले. नोकरीसाठी रडले, आणि बाई आता धुक्यातच राहणार म्हणून रडले. पुन्हा नाव काढायचं नाही असं ठरलं होतं आणि त्या शब्दाच्या पक्क्या आहेत.

उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली आहे. काहीतरी घोटाळा असणार.

२६ मे, सोमवार

झेरॉक्स आली. घोटाळा नाही.

सगळी सिद्धता बरोबर आहे. ओळ न् ओळ. आणि समासात लाल पेनने लिहिलंय, ‘आकृती नाही.’ पान उलटलं, ‘आकृती नाही.’ पुढे पुन्हा तेच, आणि दर वेळी गुण कापलेले. तपासणाऱ्याने शेवटच्या ठिकाणी दोनदा अधोरेखित केलंय, बिचारा वैतागला असेल.

मी तिथेच ठरवलं की बाईंना हे सांगायचं नाही. आकृती काढायचं मी सोडलं, ते कुणी बघत नव्हतं म्हणून. हे कळलं तर म्हातारीच्या जिवाला लागेल. मी आत गेले. बाईंनी विचारलं, काय लिहिलंय? मी म्हटलं, काही नाही, निष्काळजीपणाच्या चुका.

“कुठल्या?”

मी म्हटलं, अशाच, किरकोळ.

“जन्मभर पेपर तपासलेत मी. वाच. आकृती वाचायचीस तसं वाच.”

मला खोटं वाचता येईना. त्यांनीच तशी सवय लावलीये, एक शब्द कमी पडला की पुन्हा पहिल्यापासून. मी वाचलं. आकृती नाही. आकृती नाही. आकृती नाही. दोनदा अधोरेखित.

बाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. चेहरा बघवत नव्हता. मी घाईघाईने म्हटलं, माझाच आळस, तुम्ही तर कंपास दाबायला सांगत होता, मीच बंद केलं.

“कधीपासून?”

मी म्हटलं, फेब्रुवारीपासून.

“फेब्रुवारीपासून माझ्यापुढे कोरी वही घेऊन बसत होतीस आणि मी शाब्बास म्हणत होते.” मग म्हणाल्या, “नापास तू नाही झालीस. मी झालेय.”

दहावीत त्यांनी माझ्या निकालावर सही केली होती तेव्हा वर बघितलंसुद्धा नव्हतं. आज माझ्या दिशेला तोंड करून हे म्हणाल्या, जरासं चुकीच्या बाजूला, मी सरकून समोर आले.

“त्या डॉक्टरला फोन लाव,” बाई म्हणाल्या. “जुलैला परत बसायचंय आपल्याला.”

मी म्हटलं, बाई, जागा गेली आता, कशाला?

“जागेसाठी तू बसली होतीस. मी नव्हते बसले.”

आपल्याला, असं म्हणाल्या. मी नंबर शोधायला लागले तर अक्षरं दिसेनात, डोळे भरले होते. शेवटी लागला. पलीकडून मुलगी विचारत होती, सकाळची वेळ देऊ की दुपारची, आणि मी सांगायच्या आत बाई मागून ओरडल्या, “सकाळची घे. दुपारी आपली भूमिती असते.”